शंभर किलोंच्या स्वारासाठी सायकलची चाकं: हलकी, पण नाशकातल्या रस्त्यांना पुरून उरणारी

नाशिक ते त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर, जाऊन-येऊन ५६. ७०० × ३२ चा (म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद) टायर एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर पुढे जातो, म्हणजे रविवारच्या या एका फेरीत मागचं चाक सव्वीस हजार वेळा फिरतं. दर फेऱ्यात प्रत्येक तार एकदा तळाशी येते, क्षणभर सैलावते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. स्वार ६० किलोचा असेल तर ती थोडीशीच सैलावते. स्वार १०५ किलोचा आणि तार मुळातच कमी ताणलेली असेल, तर ती पार ढिली पडते, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) छिद्रात, जिथे ती वळलेली असते त्या कोपरापाशी हलते आणि पुन्हा खेचली जाते. लोखंडी तार हाताने इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते, तसाच हा प्रकार, फक्त फार सावकाश. म्हणून वजनदार माणसाची तार बहुतेक वेळा खड्ड्यात तुटत नाही. सपाट रस्त्यावर, काही कारण नसताना ‘टण्’ करून जाते. खड्डा बिघडवतो तो रिमला.

हे एकदा ध्यानात आलं की चाक घेताना काय बघायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. प्रश्न दोनच राहतात: तार तळाशी आली तरी ताणलेली कशी राहील, आणि वजन कमी करायचं तर ते कुठून.

आधी वजन नीट मोजा

चाकाच्या माहितीपत्रकावर ‘कमाल वजन १२० किलो’ असं लिहिलेलं असतं. हे वजन कोणाचं, ते आधी वाचा. काही कंपन्या फक्त स्वाराचं वजन सांगतात, काही स्वार, सायकल आणि सामान मिळून. दुसऱ्या प्रकारात हिशेब असा होतो: स्वार १०२, हायब्रिड सायकल ११, दोन बाटल्या पाणी दीड, बूट-हेल्मेट-कपडे दोन, पंप-ट्यूब-पाने एक. झाले एकशे साडेसतरा. मागे कॅरिअर लावून लॅपटॉप आणि डबा घेऊन अंबडला कामाला जात असाल तर सव्वाशेला टेकलात.

अंदाज नको. सगळा जामानिमा अंगावर चढवा, सायकल दोन्ही हातांनी उचला आणि घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा. काट्याची स्वतःची मर्यादा तेवढी बघून घ्या. येईल त्या आकड्याच्या वर निदान पंधरा किलोंची मोकळीक असलेलंच चाक निवडा.

बसून चालवताना यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर असतो, चढावर त्याहून जास्त. त्यामुळे पुढचं-मागचं चाक सारख्याच तारांचं हवं असा नियम नाही. पैसे मर्यादित असतील तर आधी मागचं चाक नीट करा, पुढच्याला सहा महिने थांबता येतं.

ग्रॅम कुठले वाचवायचे

दुकानात हलकं चाक मागितलं की कमी तारांचं चाक पुढे येतं. २० तारा, २४ तारा, चपट्या, काळ्या, दिसायला देखण्या. आता हिशेब करू. मधे बारीक केलेली २.०-१.८-२.० मिलिमीटरची तार साधारण ६ ग्रॅमची, तिचं पितळी निपल (तार रिमला आवळणारा छोटा नट) १ ग्रॅमचं. २४ च्या जागी ३२ तारा घेतल्या तर आठ वाढल्या. सात आठे छप्पन्न. छप्पन्न ग्रॅम म्हणजे मिसळीबरोबरच्या एका पावाहून थोडंसंच जास्त. इतक्यासाठी चाकाच्या एक-चतुर्थांश तारा सोडून द्यायच्या, हा व्यवहार शंभर किलोंच्या माणसाला कधीच परवडत नाही.

निपल ॲल्युमिनियमची घेतली तर एका चाकात वीस-बावीस ग्रॅम वाचतात, आणि दोन पावसाळ्यांत ती तारेवर अशी धरतात की पाना लावला की डोकं गोल. पितळीच घ्या.

मग एका दणकट पण हलक्या जोडीचं वजन किती असावं? ४६० ग्रॅमच्या दोन रिमा म्हणजे ९२०, चौसष्ट तारा ३८४, निपलं ६४, पुढचा-मागचा हब मिळून ४५०. बेरीज १८१८ ग्रॅम. रिम ५४० ग्रॅमची घेतली तर १९७८. पावणेदोन ते दोन किलो हे तुमचं लक्ष्य. हायब्रिडबरोबर आलेली मूळ चाकं बहुधा सव्वादोन किलोच्या पुढे असतात, म्हणजे यातही हलकेपणा मिळतोच. दीड किलोच्या ॲल्युमिनियम जोडीची जाहिरात दिसली तर ग्रॅम कुठून काढलेत ते विचारा. उत्तर बहुतेक रिमच्या जाडीत असतं.

खरी बचत टायर आणि ट्यूबमध्ये आहे, आणि तीही चाकाच्या अगदी कडेवर, जिथे वेग घेताना ती सगळ्यात जास्त जाणवते. तारेचा बीड (रिममध्ये अडकणारा काठ) असलेला ७०० × ३२ चा साधा टायर साडेचारशे ते पाचशे ग्रॅमचा, घडी होणारा चांगला टायर साडेतीनशेच्या आसपास. ब्युटिलची ट्यूब १३० ग्रॅमच्या आसपास, टीपीयू या पातळ प्लास्टिकची ४०-४५. दोन्ही चाकं मिळून चारशे ग्रॅम गेले, आणि चाकाच्या ताकदीला धक्काही लागला नाही. एक सावधगिरी: टीपीयू ट्यूब उष्णतेला नाजूक. सायकलला रिम ब्रेक असतील आणि सप्तशृंग गडावरून नांदुरीपर्यंतचा दहा किलोमीटरचा उतार ब्रेक दाबत उतरणार असाल, तर रिम ब्रेकला चालते असं ट्यूबच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय ती घालू नका.

तारा: किती आणि कशा

एकूण भार १०० किलोंच्या आत असेल तर चांगल्या रिमवर पुढे-मागे २८ तारा चालतात. १०० ते १२० मध्ये पुढे २८ किंवा ३२, मागे ३२. १२० ते १४० मध्ये पुढे ३२, मागे ३६. त्याच्या वर गेलात, किंवा सायकलला सामान लादून लांब फिरायचं असेल, तर दोन्हीकडे ३६. हे आकडे ॲल्युमिनियमच्या मध्यम जाड रिमसाठी आहेत. रिम फार हलकी घेतलीत तर एक पायरी वर जा.

आता जाडी. ‘वजन जास्त ना, मग जाड तार टाकू’ हा सल्ला नाशकात काय, कुठल्याही गावात मिळेल. तो उलटा आहे. ताण सारखाच असताना मधे १.८ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेली तार सरसकट २ मिलिमीटरच्या तारेपेक्षा जास्त लांबते. चाक तळाशी जितकं दबतं तितकी लांबी कमी झाली तरी तिच्यात ताण शिल्लक राहतो. जाड तार कमी लांबलेली असते, म्हणून तेवढ्याच दबण्याने ती लवकर ढिली पडते, आणि सगळा मार कोपरावर. म्हणजे मधे बारीक तार वजनालाही हलकी आणि टिकायलाही बरी. अशी दोन्हीकडून फायद्याची गोष्ट सायकलीत क्वचितच मिळते.

सॅपिमची रेस आणि डीटी स्विसची कॉम्पिटिशन या २.०-१.८-२.० च्या तारा. मागच्या उजव्या बाजूसाठी याहूनही चांगली निवड म्हणजे कोपरापाशी जाड केलेली तार: सॅपिम फोर्स २.१८-१.८-२.० किंवा डीटी स्विस अल्पाइन थ्री २.३४-१.८-२.०. जिथे तुटते तिथे जाड, जिथे लवचिकपणा हवा तिथे बारीक. मधे १.५ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेल्या तारा मात्र मागच्या उजव्या बाजूला घालू नका. चाक आडवं लवचिक होतं आणि बांधताना तार पिळवटते.

तारा तीन-क्रॉस भरायच्या, म्हणजे प्रत्येक तार हबपासून रिमपर्यंत जाताना त्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते. सरळ किरणांसारख्या भरलेल्या तारा मागे आणि डिस्कच्या चाकात नकोतच. जोडी-जोडीने भरलेल्या, कोपर नसलेल्या किंवा एकाच कंपनीच्या खास मापाच्या तारांची चाकंही टाळा. त्या वाईट असतात म्हणून नव्हे. पेठ रोडला सावळ घाटाच्या पुढे एक तुटली तर तशी दुसरी तार नाशकातही मिळत नाही, मागवावी लागते, आणि तोवर सायकल भिंतीला टेकून.

रिम

दुहेरी भिंतीची रिम हवी हे सांगायला नको, तरी स्वस्त सायकलींवर अजून एकेरी येतात. वॉल्व्हच्या छिद्रातून बघा: आतली आणि बाहेरची अशी दोन छिद्रं, मधे पोकळी दिसली तर दुहेरी.

उंची २० ते ३० मिलिमीटर पुरे. उंच रिम उभ्या भाराला ताठ असते, भार जास्त तारांत वाटला जातो, पण तीसच्या पुढे ॲल्युमिनियमचं वजन वाढतच जातं आणि उन्हाळ्यात दुपारनंतरच्या वाऱ्यात पुढचं चाक ओढ घ्यायला लागतं. आतली रुंदी २८-३२ च्या टायरसाठी १९ ते २१ मिलिमीटर, ३५-४२ साठी २१ ते २५.

एक गोष्ट मात्र शोधून घ्या: मागच्या चाकाला तारांची छिद्रं मध्यरेषेपासून दोन-तीन मिलिमीटर डावीकडे सरकवलेली रिम. कारण असं की मागे उजव्या बाजूला दातेऱ्यांसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि खूप ताणलेल्या, डाव्या तिरप्या आणि सैल. ११ गिअरच्या नेहमीच्या हबवर डाव्या तारांचा ताण उजव्यांच्या निम्म्यावर येतो. म्हणूनच वजनदार माणसाच्या चाकात कमी ताणाच्या डाव्या बाजूचीही तार तुटते, आणि लोक चकित होतात. छिद्रं सरकवलेल्या रिममुळे हा फरक बराच कमी होतो, आणि एक ग्रॅमही वाढत नाही.

रिम ब्रेक असतील तर रिम ही झिजणारी वस्तू आहे हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडून परतल्यावर रिमवर जी काळी-करडी राड असते, त्यात रस्त्याची बारीक रेती असते आणि रिमचं ॲल्युमिनियमही. वजनदार स्वाराचे ब्रेक जास्त जोराने लागतात, झीजही जास्त. रिमच्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरा. मधे फट दिसायला लागली, म्हणजे बाजू आत खोलगट झाली, की रिम बदला. पातळ झालेली बाजू हवेच्या दाबाने उतारावरही फाटू शकते.

कार्बनबद्दल आमचं मत सरळ आहे: पहिली जोडी ॲल्युमिनियमचीच. खड्ड्यात ॲल्युमिनियमची कड वाकते, पक्कडीने थोडी सरळ करून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला की रिम गेली. घेणारच असाल तर डिस्क ब्रेकसाठीची घ्या, वजनमर्यादा वाचून घ्या आणि कडेला टायर धरणारा आकडा (हुक) असलेली घ्या. बिनआकड्याच्या रिममध्ये हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास भरता येते. शंभर किलोंच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये त्याहून जास्त हवा लागते. दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत.

मागचा हब, आणि वाकणारा एक्सल

सात गिअरच्या सायकलीवर मागचा एक्सल सारखा वाकतो, बेअरिंगचे छर्रे फुटतात, चाक डुगडुगतं, तरी दोष रस्त्याला जातो. बहुतेकदा कारण हबच्या रचनेत असतं. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्रं आणि ती उलटी मोकळी फिरू देणारी यंत्रणा मिळून एकच तुकडा, हबवर आट्यांनी बसतं. उजवं बेअरिंग त्याच्या आतल्या बाजूला राहतं आणि तिथून फ्रेमपर्यंत तीन-चार सेंटीमीटर एक्सल निराधार. त्यावर तुमच्या भाराचा मोठा हिस्सा. कॅसेटच्या हबमध्ये ही यंत्रणा (फ्रीहब) हबचाच भाग असते आणि तिच्यावर नुसती चक्रं, म्हणजे कॅसेट, बसते; उजवं बेअरिंग फ्रीहबच्या आत, फ्रेमच्या अगदी जवळ असतं, निराधार एक्सल जवळपास उरत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते ओळखायला चाक काढा आणि दातेरी चक्रं उलटी फिरवा. मधला पाना लावायचा खाचांचा भाग चक्रांबरोबर फिरला तर कॅसेट. तो जागेवर राहिला तर आट्यांचं फ्रीव्हील. मग एक्सलचं टोक चिमटीत धरून सावकाश फिरवा. टोक वर्तुळात हेलकावे खात असेल तर एक्सल वाकलाय. फ्रीव्हीलच्या हबवर भारी रिम आणि भारी तारा घालणं म्हणजे कच्च्या जोत्यावर माडी. सायकल ठेवायची असेल तर कॅसेटच्या हबचंच चाक बांधा. सात गिअरची कॅसेट मिळते, ८-९-१० च्या फ्रीहबवर एक कडं घालून ती बसते, मूळ शिफ्टर तसाच राहतो.

माप आधी घ्या. फ्रेमच्या दोन टोकांतलं आतलं अंतर: जुन्या रिम ब्रेकच्या रोड सायकलला १३०, एमटीबी-हायब्रिडला बहुधा १३५, आरपार एक्सलच्या डिस्क सायकलला बहुधा १४२ मिलिमीटर. पुढे १००.

फ्रीहबचं शरीर स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं पन्नास-साठ ग्रॅमनी हलकं असतं, पण मोहदरी घाटासारख्या चढावर सगळ्यात मोठ्या दातेरीवर उभं राहून पायडल दाबलं की सुट्या चक्रांच्या कडा त्यात रुततात. मग कॅसेट काढताना हातोडी लागते. शिमानोच्या डिओर आणि १०५ या मालिकांत ३२ आणि ३६ छिद्रांचे हब आलेले आहेत. कोन, वाटी आणि सुटे छर्रे असलेले हे हब पावसाळा संपला की उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून घेतले तर वर्षानुवर्षं चालतात. ग्रीस भरायचा कंटाळा असेल तर सीलबंद बेअरिंगचा हब घ्या, बेअरिंग वाजलं की बदला.

बांधणी

वरचं सगळं जमलं आणि बांधणी फसली तर चाक दोन महिन्यांत बोंबलतं. उलट साध्या रिमचं, साध्या तारांचं पण मन लावून बांधलेलं चाक कित्येक वर्षं हात लावू देत नाही. यंत्रावर बांधून आलेल्या स्वस्त चाकांत मुख्य दोष हाच: चाक सरळ फिरतं, पण एक तार ताठ आणि शेजारची ढिली. ६० किलोच्या स्वाराला कळतही नाही.

चाक बांधून घेताना मिस्त्रीजवळ बसा आणि या गोष्टी होतात का ते बघा.

तारांची लांबी रिम हातात आल्यावर प्रत्यक्ष मोजून ठरवायची, माहितीपत्रकावरून नव्हे. तारेचं टोक निपलच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या खाचेच्या तळापर्यंत यायला हवं. दोन मिलिमीटर आखूड पडली तर सगळा ताण निपलच्या मानेवर येतो आणि डोकं उडतं. मागे उजव्या आणि डाव्या तारांची लांबी बहुधा दोनेक मिलिमीटरनी वेगळी असते. एकाच मापाच्या तारा दोन्हीकडे घालणारा मिस्त्री भेटला तर दुसरीकडे जा.

आट्यांना आणि निपलच्या बैठकीला तेल हवं. जवसाचं तेल यासाठी जुनं आणि उत्तम: भरताना निसरडं, दोन आठवड्यांनी वाळून हलकासा डिंक, निपल आपोआप सुटत नाही. हे नसेल तर थोडं ग्रीस.

तारा भरून झाल्या की, ताण वाढवण्याआधी, हबच्या बाहेरून येणारी प्रत्येक तार अंगठ्याने कोपरापाशी दाबून हबच्या कडेला टेकवायची. कोपर आणि कड यांत फट राहिली तर तिथेच ती रोज थोडी थोडी वाकत राहणार. ही पाच मिनिटांची गोष्ट बरेच जण गाळतात.

मग ताण. आधी सगळ्यांना सारखा अर्धा-अर्धा फेरा, मग पाव-पाव. दर फेरीला वर-खाली, डावं-उजवं आणि मध्य, तिन्ही बघत जायचं. ताण वाढला की निपल फिरवताना तारही थोडी पिळते. म्हणून पाव फेरा हवा तिथे जरा पुढे जाऊन तेवढंच मागे यायचं. तारेवर चिकटपट्टीचा झेंडा लावला तर पीळ डोळ्यांना दिसतो.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि चाक विकत आणलेलं असेल तर ती घरीही करता येते. हातमोजे घाला. चाकाच्या एका बाजूच्या जवळजवळ समांतर असलेल्या दोन तारा एका हातात, समोरच्या दोन दुसऱ्या हातात, आणि जोरात आवळा. चांगल्याच जोरात, बोटं दुखतील इतकं. असं दोन्ही बाजूंनी सगळं चाक. पहिल्या वेळी ‘टिण् टिण्’ आवाज येतात; पिळलेल्या तारा सुटतात, कोपरं जागेवर बसतात आणि तार वाकवताना कोपरात अडकून राहिलेला ताण निघतो. चाक थोडं आउट होईल, म्हणजे वाकडं फिरेल. पुन्हा आउट काढा, पुन्हा आवळा. आवाज बंद झाले आणि चाक हललं नाही की काम झालं.

शेवटी आकडे. ताण मोजायचं यंत्र असेल तर मागे उजवीकडे ११० ते १२० केजीएफ (किलोग्रॅम-बल), डावीकडे मध्य साधताना येईल तेवढा, डिस्कच्या पुढच्या चाकाला डावीकडे १०० ते ११०. एका बाजूच्या तारांत फरक दहा टक्क्यांच्या आत, बाजूचा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत. रिमवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. ताण जास्त झाला की तारांच्या छिद्राभोवती चंद्रकोरीसारखी चीर पडते. यंत्र नसेल तर नखाने तारा छेडा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास एक लागला पाहिजे. मधेच एखादी ‘टण्’ ऐवजी ‘ठप्प’ बोलली, तर ती आधी ढिली पडणार.

जुन्या नाशकातल्या पिढीजात मिस्त्रींपैकी काहींचा हात या कामात फार चांगला असतो, यंत्राशिवायही. फक्त ताण जास्त हवा आणि दोनदा आवळून द्या हे आधी सांगा. रोजच्या गिऱ्हाइकाच्या काळ्या सायकलीला इतका ताण लागत नाही.

टायर आणि हवा

फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घ्या. रोड सायकलला २८-३२, हायब्रिडला ३८-४२. रुंद टायर खड्ड्याचा मार रिमपर्यंत जाऊ देत नाही.

एकूण ११५ किलोंच्या भाराला सुरुवात अशी करा: २८ च्या टायरला मागे ८५ पीएसआय, पुढे ८०, ३२ ला ७० आणि ६५, ४० ला ५० आणि ४५. मग दोन-तीन पीएसआयने वर-खाली करून बघा. खड्ड्यात रिम ठेचल्याचा ‘टक्’ आवाज आला तर वाढवा, हात-दात हलायला लागले तर कमी करा. टायर आणि रिम यांच्यावरच्या दोन मर्यादांपैकी जी लहान ती तुमची. टायर तळहाताने दाबून हवा कळत नाही, गेज असलेला पंप घ्या.

सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर लेथचा बुरादा आणि शहराबाहेर बाभळीचे काटे, हे दोन नाशिकचे ठरलेले पंक्चर. टायरमध्ये पंक्चररोधक पट्टा असलेला बरा. चाळीस-पन्नास ग्रॅम वाढतात, पण हे ग्रॅम आम्ही आनंदाने वाहतो. आणि खड्डा किंवा गतिरोधक टळत नसेल तर बूड उचला, गुडघे-कोपर सैल सोडा. याला पैसे पडत नाहीत, आणि चाकाचं आयुष्य यानेच सगळ्यात जास्त वाढतं.

पहिले दोनशे किलोमीटर, आणि तार तुटलीच तर

नवं चाक घाटात नेऊ नका. आधी गंगापूर धरणाकडे चार-पाच चकरा मारा, शंभर ते दोनशे किलोमीटर झाले की चाक परत मिस्त्रीकडे न्या आणि ताण बघून घ्या. थोडा फरक पडतोच. त्यानंतर दर दोन हजार किलोमीटरनी आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर एकदा.

रस्त्यात तार तुटली तर तुटका तुकडा काढा किंवा शेजारच्या तारेभोवती गुंडाळा, गिअरमध्ये जाऊ देऊ नका. उजवी तार तुटली तर रिम तिथे डावीकडे ओढली जाते. तिच्या दोन्ही शेजारच्या डाव्या तारा अर्धा ते एक फेरा सैल करा, आउट बराच जातो. रिम ब्रेक असेल तर तो उघडा सोडा आणि दुसऱ्या ब्रेकवर हळू घरी या. ३२ तारांच्या चाकावर हे जमतं. २० तारांच्या चाकावर रिम फ्रेमलाच घासते आणि टेम्पो शोधावा लागतो.

घरी आल्यावर तुटलेलं टोक फेकू नका, कुठे तुटली ते बघा. कोपरापाशी तुटली तर ताण कमी किंवा असमान होता. निपलपाशी आट्यांत तुटली तर लांबी आखूड किंवा निपल तिरकं बसलेलं. मधेच, ओरखड्याच्या जागी तुटली तर साखळी कधीतरी मोठ्या दातेरीवरून आत पडली होती. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) एल लिहिलेला स्क्रू नीट लावा. पहिली तार बदला आणि सगळ्या चाकाचा ताण बघून घ्या. त्याच बाजूची दुसरी तुटली तर सावध व्हा. तिसरी तुटली की उरलेल्यांनीही तितकेच फेरे मोजलेत असं समजा आणि त्या बाजूच्या सगळ्या तारा एकदम नव्या भरा. रिम आणि हब शाबूत असतील तर तेच चालतात.

चाक बांधलं त्याच दिवशी मागची उजवी, मागची डावी आणि पुढची, अशा प्रत्येक मापाच्या दोन-दोन तारा निपलसकट जास्तीच्या घ्या. मागच्या दोन्ही मापांची एक-एक तार साखळीच्या वरच्या फ्रेमच्या नळीला इन्सुलेशन टेपने चिकटवून ठेवा, आणि तिन्ही मापांचे आकडे रिमच्या पट्टीखाली मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी तार मागवताना चाक उसवून मोजावं लागणार नाही.